इब्न हजर यांनी साडेसातशे वर्षांनंतर नेमकं तपासलं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: कैरोचे विद्वान इब्न हजर अल-अस्कलानी यांचा जन्म प्रेषित मुहम्मदांच्या निधनानंतर जवळजवळ साडेसातशे वर्षांनी झाला. हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या कथनांचे, मुख्य संग्रह त्यांच्या आधी पाचशे वर्षं तयार होते. मग त्यांनी नवं काय केलं? आणि ‘अमक्याने तमक्याकडून ऐकलं’ ही सांगोवांगी इतक्या उशिरा तपासता येतेच कशी?

मी सव्वीस वर्षं अरबी शिकवतो. त्यातला बराच काळ रावींच्या, म्हणजे हदीस ऐकून पुढे सांगणाऱ्या माणसांच्या, चरित्रकोशांत गेला आहे, आणि त्या कोशांत इब्न हजरांची गाठ रोज पडते. तुमचा प्रश्न माझ्या वर्गातही दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो चांगला प्रश्न आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही साडेसातशे वर्षांचं एकच अंतर धरलं आहे. खरं तर ती दोन अंतरं आहेत. पहिलं प्रेषितांपासून इमाम बुखारींपर्यंतचं, सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचं. (बुखारी हे हदीसच्या सर्वांत मानाच्या संग्रहाचे कर्ते; त्या ग्रंथालाही नुसतं ‘बुखारी’ म्हणतात.) दुसरं बुखारींपासून इब्न हजरांपर्यंतचं, पाचशे वर्षांचं. दोन्ही ठिकाणी पुरावा वेगळ्या जातीचा आहे आणि इब्न हजरांचं कामही वेगळं आहे. दुसरं अंतर सोपं आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

मराठीत सनद म्हटलं की वतनाची सनद, वकिलाची सनद आठवते. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. साखळीच्या पुढे जो मजकूर येतो तो मतन. इब्न हजरांपाशी बुखारींच्या ग्रंथाच्या अनेक सनदी होत्या. त्यातली एक प्रसिद्ध सनद अशी: इब्न हजरांनी ऐकलं अत-तनूखींकडून, त्यांनी अल-हज्जारांकडून, त्यांनी अज-जबीदींकडून, त्यांनी अबुल वक्त यांच्याकडून, त्यांनी अद-दाऊदींकडून, त्यांनी अस-सरखसींकडून, त्यांनी अल-फिरबरींकडून, आणि फिरबरींनी खुद्द बुखारींकडून. बुखारी ८७० मध्ये वारले, इब्न हजर १३७२ मध्ये जन्मले. पाचशे वर्षं आणि मधे फक्त सात माणसं. वर्गात हे सांगितलं की पोरं बोटांवर मोजायला लागतात, कारण हिशेब जुळणारच नाही असं वाटतं.

हिशेब जुळतो, कारण मुलांना लहानपणीच वाचनाला नेऊन बसवत. अबुल वक्त हिजरी, म्हणजे इस्लामी, सन ४५८ मध्ये जन्मले आणि ४६५ मध्ये, सात वर्षांचे असताना, त्यांनी दाऊदींसमोर बुखारी ऐकली. वडील त्यांना हेरातहून बूशंजला पायी घेऊन गेले होते. पुढे म्हातारपणी अबुल वक्त ती वाट सांगत. वडिलांनी हातात दोन दगड दिले होते. चालून दमलो की एक टाकायला सांगत, मग दुसरा, आणि अगदीच पाय उचलेना झाले की खांद्यावर घेत. वाटेत शेतकऱ्यांनी जनावरावर बसायला सांगितलं तेव्हा वडील नको म्हणाले. हदीस ऐकायला जायचं तर पायीच जायचं, हा त्यांचा नेम होता. तो मुलगा पुढे हिजरी ५५३ पर्यंत जगला आणि बगदादमध्ये लोक त्याच्याकडून बुखारी ऐकायला गर्दी करू लागले.

अल-हज्जार यांची गोष्ट तुमच्या ‘सांगोवांगी’ या शब्दाला जास्त नेमकं उत्तर देते. हे दमास्कसच्या सालिहिया वस्तीतले साधे कष्टकरी गृहस्थ. हदीसचे विद्वान म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. हिजरी ७०६ मध्ये कुणीतरी जुन्या वाचनाची हजेरीपत्रकं चाळत होतं. अशा प्रत्येक वाचनाच्या शेवटी पोथीवर लिहून ठेवत: कोणी वाचलं, कोणासमोर, कोणकोण ऐकायला होतं, कोण मधेच उठून गेलं, कोणतं मूल किती वर्षांचं होतं, जागा कुठली, तारीख कुठली. या नोंदीला समाअ म्हणतात. हिजरी ६३० मध्ये जबीदींसमोर झालेल्या वाचनाच्या यादीत हज्जार यांचं नाव सापडलं आणि माणूस अजून हयात होता! पुढची चोवीस वर्षं, ७३० मध्ये शंभरी ओलांडून वारेपर्यंत, त्यांच्यासमोर बुखारीची पारायणं होत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, सात वर्षांच्या मुलाला काय कळणार? बरोबर आहे. ही शंका जुन्या मुहद्दिसांनाही, म्हणजे हदीसच्या विद्वानांनाही, होती. मजकूर सांभाळण्याची जबाबदारी त्या मुलावर नव्हतीच. ती लिखित प्रतींवर होती. फिरबरींच्या शिष्यांच्या प्रती होत्या, त्या शिष्यांच्या शिष्यांच्या प्रती होत्या, त्यांत पाठभेद होते आणि ते पाठभेद समासात टिपलेले होते. लहान वयात ऐकल्याने साखळी आखूड राहत असे आणि मान वाढत असे. शब्द मात्र पोथीशी ताडूनच पक्का करत. इब्न हजरांनी बुखारीवर टीका, म्हणजे भाष्य, लिहायला घेतली तेव्हा अबू जर्र अल-हरवी यांचा पाठ आधाराला धरला. अबू जर्र यांनी फिरबरींच्या तीन शिष्यांकडून ग्रंथ ऐकलेला होता आणि तिघांतले फरक त्यांनी नोंदवून ठेवले होते. इब्न हजरांच्या टीकेत पानोपानी ‘कुश्मीहनी यांच्या पाठात असं आहे’ हे वाक्य येतं, ते याच तिघांपैकी एकाबद्दल. या पाचशे वर्षांचं काम म्हणजे आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो तेच. इथे इब्न हजरांवर विश्वास टाकायचा की नाही हा श्रद्धेचा प्रश्न उरत नाही. प्रती उपलब्ध आहेत, ताडून पाहा.

पहिली सव्वादोनशे वर्षं अवघड. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो की उत्तर तुम्ही कोण म्हणून विचारता यावर अवलंबून आहे. आचरणासाठी विचारत असाल तर ज्या परंपरेत तुम्ही आहात तिच्या जाणत्यांकडे जा. इतिहासाचे अभ्यासक म्हणून विचारत असाल तर हेही माहीत हवं की गोल्डझिहर आणि शाख्त या युरोपीय अभ्यासकांनी सनदींवर फार मोठी शंका घेतली. आधी मत तयार झालं आणि साखळी मागाहून जोडली, असा शाख्त यांचा रोख होता. पुढे हाराल्ड मोट्झकी यांनी सनद आणि मतन दोन्ही शेजारीशेजारी ठेवून दाखवलं की पुष्कळ रिवायती, म्हणजे साखळीने आलेली कथनं, त्यांनी धरल्यापेक्षा खूप जुन्या आहेत. हा वाद मिटलेला नाही. पण तो मांडणाऱ्या प्रत्येकाला, कुठल्याही बाजूचा असो, रावींची माहिती घ्यायला इब्न हजरांचे कोश उघडावे लागतात. त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

त्यांनी नव्या हदीस गोळा केल्या असं नाही. त्यांनी माणसं तपासली. सहा मुख्य संग्रहांच्या साखळ्यांत आलेल्या हजारो रावींची चरित्रं त्यांनी आधीच्या महाकोशातून घेऊन, कापून, भर घालून ‘तहजीबुत तहजीब’ तयार केला. मग त्याचाही अर्क काढून ‘तक्रीब’ लिहिला. त्यात प्रत्येकाला दोन-तीन ओळी मिळतात: पूर्ण नाव, गाव, तो किती विश्वासार्ह, कोणत्या पिढीतला, कधी वारला. विश्वासार्हतेच्या बारा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर प्रेषितांचे सहाबी, म्हणजे सोबती. मग अतिशय भरवशाचे, भरवशाचे, सच्चे, सच्चे पण स्मरण कच्चं, आणि असं उतरत उतरत शेवटी ज्यांना खोटारडं म्हटलं गेलं ते.

एक नोंद जवळून बघा. अब्दुल्लाह इब्न लहीआ, इजिप्तचे काजी, हिजरी १७४ मध्ये वारले. इब्न हजरांची नोंद थोडक्यात अशी: सच्चे, सातव्या पिढीतले, पुस्तकं जळाल्यावर गोंधळ करू लागले, इब्न अल-मुबारक आणि इब्न वहब यांनी त्यांच्याकडून घेतलेलं इतरांपेक्षा नीट आहे. ‘हा माणूस चांगला’ किंवा ‘हा माणूस वाईट’ इतक्यावर इथे भागत नाही. माणूस सच्चा आहे, पण त्याची टिपणं जळाली, त्यानंतर तो आठवणीवर सांगू लागला आणि आठवण दगा देऊ लागली. म्हणून प्रश्न असा होतो की तुमच्या समोरची हदीस त्यांच्याकडून कोणी ऐकली आणि कधी. त्याच माणसाची एक रिवायत बरी आणि दुसरी कच्ची ठरू शकते. मला स्वतःला हा कोश आवडतो तो या बारकाईसाठी. आपल्याकडे माणसाला एकदा शिक्का मारला की तो पुसत नाही. इथे शिक्क्याखाली तारीख आहे.

नावांचा घोटाळा हा या कामातला सगळ्यात मोठा खड्डा. बुखारीतली पहिली हदीस घ्या, ‘कर्मं हेतूवर ठरतात’ ही. सनद अशी: हुमैदी, सुफ्यान, यह्या इब्न सईद अल-अन्सारी, मुहम्मद इब्न इब्राहीम अत-तैमी, अल्कमा इब्न वक्कास, आणि खलिफा उमर. यातला सुफ्यान कोण? सुफ्यान सौरी आणि सुफ्यान इब्न उयैना, दोघेही जबरदस्त मोठे, दोघांचाही जन्म इराकमधल्या कूफ्याचा, आणि सनदीत पुष्कळदा नुसतं ‘सुफ्यान’ एवढंच येतं. शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर बेधडक सुफ्यान सौरी लिहिलं होतं. घरी येऊन तारखा ताडल्या. सौरी हिजरी १६१ मध्ये गेले. हुमैदी मक्केचे, ते इब्न उयैनांच्या सहवासात वर्षानुवर्षं राहिलेले, आणि इब्न उयैना १९८ पर्यंत हयात. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक सांगितली आणि नाव बदललं. तेव्हापासून नुसतं नाव दिसलं की आधी विचारतो: याचा गुरू कोण, शिष्य कोण, गाव कोणतं, मरण कधी. यह्या इब्न सईद या नावाचेही एकाहून जास्त रावी आहेत. सारख्या दिसणाऱ्या नावांवर इब्न हजरांनी वेगळा ग्रंथच लिहिला, आणि अखेरच्या काळात ‘माझ्या लेखनातल्या मोजक्याच ग्रंथांवर मी समाधानी आहे’ असं म्हणताना त्यांनी ज्या पाच ग्रंथांची नावं घेतली त्यांत हाही होता.

याच पहिल्या हदीसबद्दलची एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला वाचून दाखवतो. ही हदीस वरच्या टोकाला अगदी बारीक धाग्यावर आहे: उमरांकडून अल्कमा, अल्कमांकडून तैमी, तैमींकडून यह्या, आणि यह्यांपासून पुढे एकदम फांद्या फुटतात. आधीच्या एका विद्वानाने म्हणून ठेवलं होतं की यह्यांकडून ही हदीस सातशे जणांनी घेतली. आकडा गौरवाचा होता, सगळे मान डोलावत होते. इब्न हजरांनी टीकेत लिहिलं की मला हे खरं वाटत नाही. हदीस शिकायला लागल्यापासून आजवर प्रसिद्ध संग्रहांतून आणि सुट्या वह्यांतून मी हिचे मार्ग शोधत आलो, पण शंभरही पुरे करता आले नाहीत. आपल्याच परंपरेतल्या सर्वांत आदरणीय ग्रंथाची पहिली हदीस, तिची थोरवी वाढवणारा आकडा, आणि हा माणूस आयुष्यभर मोजून सांगतो की शंभरसुद्धा भरत नाहीत.

भारताशी संबंधित एक प्रकरणही सांगतो, कारण त्यात त्यांची विचार करण्याची रीत उघड दिसते. हिजरी सहाव्या शतकाच्या अखेरीला भटिंड्याकडे रतन नावाचा एक वृद्ध प्रसिद्धीला आला. आपण प्रेषितांना प्रत्यक्ष भेटलो आहोत, आपलं वय सहाशेच्या वर आहे, असा त्याचा दावा होता. लोक दुरून येऊन त्याच्याकडून ‘हदीस’ घेऊन जाऊ लागले. मधे माणूस नाही, थेट प्रेषितांपासून! दमास्कसचे इतिहासकार जहबी यांनी त्याला निःसंशय खोटारडा म्हटलं. पुढे इब्न हजर येमेनमधल्या जबीद गावी कोशकार फीरोजाबादींना भेटले. फीरोजाबादी हिंदुस्थानात राहून आलेले. त्यांना जहबींचं म्हणणं मुळीच पटलं नव्हतं. मी स्वतः त्या गावी गेलो आहे, म्हणाले, आणि तिथे असंख्य लोक बापजाद्यांकडून ऐकलेली रतनची हकिगत सांगतात.

इब्न हजरांनी हे ‘अल-इसाबा’ या सहाब्यांच्या कोशात नोंदवलं आहे. या कोशात प्रत्येक अक्षराखाली चार भाग आहेत, आणि चौथा भाग चुकून सहाबी समजल्या गेलेल्यांचा. त्यांचा निवाडा असा: रतन नावाचा माणूस असावा, तो दीर्घायुषी असावा, त्याने दावा केला असावा, आणि गावाने तो लक्षात ठेवला असावा. गावकरी खोटं बोलतात असं म्हणायचं कारण नाही. पण तो खरा असता तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या शतकात कुणीतरी त्याचं नाव घेतलं असतं. सहाव्याच्या शेवटापर्यंत एक अक्षर नाही. शिवाय प्रेषितांनी आयुष्याच्या अखेरीला सांगितलेलं आहे की आज भूतलावर जो कोणी आहे त्यातला कुणीही शंभर वर्षांनी उरणार नाही. गावची आठवण, लिखित पुराव्यातलं मौन आणि धर्मवचन, तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून ते बोलतात. फीरोजाबादींसारख्या थोर माणसाचा ऐकीव पुरावा ते फेटाळून लावत नाहीत. त्या पुराव्याने सिद्ध होतं तेवढंच सिद्ध झालं असं मानतात, आणि ते एवढंच होतं की रतन नावाचा कुणीतरी होऊन गेला.

आता जीवनाविषयी, थोडक्यात. ‘हजर’ म्हणजे अरबीत दगड. आपल्या हजेरीतल्या ‘हजर’शी त्याचा संबंध नाही. घराण्याचं मूळ पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं अस्कलान, जन्म कैरोचा. आईवडील दोघेही अगदी लहानपणी गेले. वडिलांचे मित्र, जकीउद्दीन अल-खर्रूबी नावाचे श्रीमंत व्यापारी, यांनी सांभाळलं. थोरल्या बहिणीचं नाव सित्तुर रक्ब, ‘काफिल्याची बाईसाहेब’, कारण ती हजच्या वाटेवर जन्मली. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलंय की आईमागून तीच माझी आई. ती ७९८ हिजरीत तरुणपणीच वारली. नवव्या वर्षी कुराण पाठ झालं, बाराव्या वर्षी मक्केत रमजानच्या नमाजीत त्यांनी ते पाठ म्हटलं. तरुणपणी कविता आणि साहित्यात रमले, मग हाफिज जैनुद्दीन अल-इराकींकडे सुमारे दहा वर्षं शिकले. दमास्कसला शंभर दिवस राहिले. तिथे ज्यांच्याकडून ग्रंथ ऐकले त्यांत फातिमा बिन्त अल-मुनज्जा आणि आयशा बिन्त अब्दुल हादी या स्त्रियाही होत्या. आयशांनी लहानपणी त्याच हज्जारांकडून बुखारी ऐकलेली होती. येमेनच्या एका प्रवासात जहाज फुटलं आणि हाताने लिहिलेल्या वह्या पाण्यात गेल्या. पुन्हा लिहिल्या.

पत्नी उन्स खातून यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. इब्न हजरांनी स्वतःच्या गुरूंकडे, इराकींकडे, त्यांना नेलं. पुढे त्या स्वतः बुखारी शिकवू लागल्या, नवऱ्याच्या हयातीत, आणि वाचन पूर्ण झाल्यावर जमलेल्यांना मिठाई आणि फळं वाटत.

‘फत्हुल बारी’ हे त्यांचं सर्वांत मोठं काम, बुखारीवरची टीका. ८१७ हिजरीत, म्हणजे १४१४ मध्ये, आरंभ. रजब ८४२ मध्ये, डिसेंबर १४३८ला, शेवट. पंचवीस वर्षं लागली, आणि ते एकट्याने खोलीत बसून लिहिलेलं नाही. सुरुवातीला ते तोंडी सांगत आणि शिष्य उतरवून घेत. मग स्वतः लिहू लागले. लिहिलेले ताव शिष्य नक्कल करत आणि आठवड्यातून एक दिवस सगळे जमून मूळ प्रतीशी ताडत, चर्चा करत, शंका काढत. ताव असा छाननीतून गेल्याशिवाय पुढे जात नसे. ग्रंथ पुरा झाला तेव्हा कैरोबाहेर मेजवानी दिली, तिला पाचशे दिनार लागले. प्रत तीनशे दिनारांना जात होती. तैमूरचा मुलगा शाहरुख याने तर ग्रंथ पूर्ण होण्याआधीच इजिप्तच्या सुलतानाकडे प्रत मागितली होती.

याच काळात बद्रुद्दीन अल-ऐनी हे दुसरे मोठे विद्वान बुखारीवर स्वतःची टीका लिहीत होते आणि फत्हुल बारीचे ताव त्यांच्यापर्यंत पोचत होते. दोघांची चुरस कैरोभर माहीत होती. १४१८ मध्ये सुलतान मुअय्यदच्या नव्या मशिदीचा, बाब जुवैला या कैरोच्या वेशीवरचा मिनार कलला आणि उतरवावा लागला. ऐनी त्याच मशिदीत हदीस शिकवत. इब्न हजरांनी दोन ओळी केल्या: मिनार म्हणतो, माझ्या रूपाला ‘ऐन’इतकं घातक काही नाही. ऐन म्हणजे डोळा, दृष्ट, आणि ऐनींचं नावही. ऐनींकडून उत्तर आलं: दृष्ट लागली हे खोटं, मिनार पडला तो ‘हजर’ निकृष्ट होता म्हणून. ही कोटी मराठी वाचकाला लगेच कळते, आणि एवढ्या कठोर शास्त्रातल्या माणसांमध्येही शब्दांची खेळी किती जिवंत होती ते दिसतं.

पण त्यांच्या स्वभावाचं खरं दर्शन मला प्लेगच्या पुस्तकात होतं. ८१९ हिजरीच्या साथीत फातिमा आणि आलिया या दोन मुली गेल्या. ८३३च्या साथीत थोरली जैन खातून गेली, ती गरोदर होती. प्लेगवरचं पुस्तक त्यांनी पहिल्या साथीनंतर सुरू केलं आणि दुसरीनंतर पुरं केलं. त्यात ते लिहितात: ८३३ मध्ये कैरोत साथ लागली तेव्हा रोजचे मृत्यू चाळीसच्या आत होते. लोकांना तीन दिवस उपास करायला सांगितलं, मग सारे वाळवंटात जमले, प्रार्थना केली, तासभर थांबून परतले. महिना संपायच्या आत कैरोत रोज हजाराहून जास्त माणसं मरू लागली. अशा जमावाने प्रार्थना करायला पूर्वीच्या रिवायतींत आधार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि तारखा आणि आकडे त्यांनी शेजारी ठेवले. ज्याच्या घरात तीन लेकी गेल्या तो माणूस हे लिहितो आहे. २०२१ मध्ये हे पान मी वर्गात वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

काजी म्हणून ते ८२७ हिजरीत पहिल्यांदा नेमले गेले. मग काढले, पुन्हा नेमले, असं चालत एकंदर एकवीस वर्षांच्या आसपास मुख्य काजीपद त्यांच्याकडे राहिलं. ते स्वीकारल्याचा त्यांना पश्चात्ताप होता. दरबारी माणसांची मर्जी राखण्यात वेळ जातो, असं ते म्हणत. फेब्रुवारी १४४९ मध्ये वारले. जनाजाला सुलतान जक्मक स्वतः होते.

शेवटी, वाचायचं कुठे. यात आपला जवळचा धागा आहे. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ मध्ये दायरतुल मआरिफ ही संस्था निघाली, आणि इब्न हजरांचे मोठे कोश तिथून छापून निघाले. तहजीबुत तहजीब १२ खंडांत, १९०७ ते १९०९. लिसानुल मीजान ६ खंडांत, १९११ ते १९१३. हिजरी आठव्या शतकातल्या माणसांचा चरित्रकोश अद-दुररुल कामिना १९२९ ते १९३१. अल-हज्जार यांची नोंद या शेवटच्या कोशात आहे. जगभरातले अभ्यासक कित्येक दशकं या हैदराबादी प्रती वापरत आले. दख्खनशी संबंध त्याआधीचाही आहे: बुखारीवर लिहिणारे, अलेक्झांड्रियाचे बद्रुद्दीन अद-दमामीनी येमेनमार्गे गुजरातेत आले आणि १४२४ मध्ये बहामनींच्या गुलबर्ग्यात वारले. तेही इब्न हजरांचेच समकालीन.

अरबी येत नसेल तर आधी त्यांचं छोटं पुस्तक ‘बुलूगुल मराम’ उर्दू किंवा हिंदी अनुवादात घ्या. प्रत्येक हदीसखाली ती कोणत्या संग्रहात आहे आणि कुठे कच्ची आहे हे ते स्वतः एका ओळीत सांगतात. अरबी थोडी येत असेल तर वर दिलेली पहिल्या हदीसची सहा नावं वहीत उतरवा आणि तक्रीब उघडून एकेक शोधा. सुफ्यानपाशी थांबा. दोन्ही सुफ्यानांच्या नोंदी वाचा, मृत्यूची सालं लिहा, हुमैदींचं साल लिहा आणि मग ठरवा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल.